कांड्या, लोड आणि दोनच चाली



डिसेंबरात म्युन्स्टरप्लाट्झवर नाताळचा बाजार भरतो, तेव्हा तिथल्या दुकानांत पांढऱ्या दोऱ्याच्या चांदण्या टांगलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. जवळ जाऊन पाहिले तर लक्षात येते की ही जाळी आजीच्या क्रोशासारखी नाही. क्रोशाला एक सुई आणि एक दोरा पुरतो. इथे मात्र पुष्कळ दोरे एकमेकांच्या खालून-वरून गेलेले असतात, जणू कोणी वीस-पंचवीस पेडांची वेणी घातली आहे. ही कांड्यांवर विणलेली लेस. जर्मनमध्ये या कामाला 'क्ल्योपेल्न' म्हणतात आणि दोरा गुंडाळायच्या छोट्या लाकडी काडीला 'क्ल्योपेल'. घंटेच्या आत लोंबणाऱ्या लोलकालाही हाच शब्द आहे. विणताना कांड्या एकमेकींवर आपटतात आणि सारखी टकटक चालू राहते, ती ऐकली की हा शब्द विसरत नाही.

आपल्या वर्गातल्या काही मुलांनी हे शिकायची इच्छा दाखवली, म्हणून हा पाठ. इच्छा दाखवल्यावर नेहमीप्रमाणे आधी सामानाची यादी आली : कातलेल्या लाकडी कांड्यांच्या दोन डझन जोड्या, खास उशी, ती ठेवायची घोडी, खास टाचण्या. यादीची बेरीज पाहून आईबाबांचा उत्साह मावळतो. मुलाला हे जमेल की नाही, आवडेल की नाही, हे कळण्याआधीच प्रकरण संपते. माझा व्यवसाय संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचा असला तरी शिक्षण अभियांत्रिकीचे आहे, आणि तिथे आम्हाला एक सवय लागली : एखादी वस्तू नसेल तर ती काय काम करते ते आधी विचारायचे. काम नीट कळले की तेच काम करणारी दुसरी वस्तू बहुधा घरातच निघते.

पण त्याआधी शब्दांचे पाहू, कारण हा मराठीचा वर्ग आहे. या कलेसाठी मराठीत शब्द नाहीत असे वाटेल. पण इचलकरंजीला किंवा सोलापूरला मागावर जो दोरा लागतो तो कशावर भरतात? कांडीवर. 'कांड्या भरणे' हे तिथल्या घराघरांतले काम. पैठणीच्या पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाचा दोरा वेगळ्या छोट्या रिळावर असतो, त्याला येवल्याचे विणकर 'तिल्ली' म्हणतात. तेव्हा क्ल्योपेलला आपण कांडी म्हणू. विणकाम ज्यावर चालते ती जर्मन उशी पारंपरिक रूपात लांबट गोल असते. बैठकीत पाठीशी घ्यायला आपण ठेवतो तशीच. तिचे नाव लोड. वेणीला पेड असतात, दोरीला पीळ असतो, गाठीआधी फास असतो. एकही शब्द नवा बनवावा लागत नाही, सगळे घरातच होते.

आता कांडीकडे वळू. ती तीन कामे करते. ती दोरा साठवते, नाहीतर बारा-पंधरा लांबलचक दोऱ्यांचा क्षणात गुंता होईल. ती दोऱ्याला वजन देते, म्हणजे दोरा ताठ राहतो आणि जाळी सैल पडत नाही. आणि ती मूठ आहे : विणणारा दोऱ्याला हात लावत नाही, कांडीला लावतो, म्हणून पांढरा दोरा पांढरा राहतो. तुम्ही घरातली कुठलीही वस्तू कांडी म्हणून निवडलीत तर तिला हे तीन प्रश्न विचारा. दोनच कामे करणारी वस्तू तुम्हाला अर्ध्या तासात रडकुंडीला आणेल.

जगभर लोकांनी हेच प्रश्न विचारले आणि हाताला जे लागले त्यातून उत्तरे काढली. इंग्लंडात या लेसला पूर्वी 'बोन लेस', म्हणजे हाडांची लेस, म्हणत. कांड्या हाडांच्याही असत. इंग्लंडच्या मध्य भागातल्या कांड्या पेन्सिलीपेक्षा बारीक आणि हलक्या असतात, म्हणून त्यांच्या शेपटाला तारेत ओवलेल्या काचमण्यांचे कडे अडकवतात. त्याने वजन वाढते आणि कांडी घरंगळत नाही. दागिना दिसतो, पण आहे ते यंत्राचा भाग! ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर ही कला पोचली. तिथल्या बायका एका काडीच्या टोकाला ताडाच्या जातीच्या झाडाची टणक गोल बी बसवतात, झाली कांडी. टाचण्यांऐवजी निवडुंगाचे काटे, आणि लोडात केळीची वाळलेली पाने. श्रीलंकेत गाल शहराच्या बाजूला याच लेसला 'बीरलू' म्हणतात, आणि तो शब्द पोर्तुगीजांच्या 'बिल्रो' म्हणजे कांडी या शब्दावरून आला. त्या किनाऱ्यावर २००४ च्या त्सुनामीत कित्येक बायकांचे लोड आणि कांड्या वाहून गेल्या. साधन गेले की पोट जाते, हे लक्षात घेतले म्हणजे 'घरगुती साधन' हा नुसता सुट्टीतला खेळ वाटत नाही.

जर्मनीत या कलेचे माहेर म्हणजे पूर्वेकडचा एर्त्सगेबिर्ग, अर्थ 'खनिजांचे डोंगर'. तिथले आनाबेर्ग शहर १४९६ मध्ये चांदीच्या खाणींमुळे वसले. पुढे चांदी आटू लागली आणि खाणकामगारांच्या घरांतून बायकामुले लेस व फिती विणू लागली. बार्बारा उटमान नावाच्या एका विधवेने तिथे फितींचा मोठा व्यापार उभा केला. तिच्यासाठी शेकडो बायका काम करत. ती १५७५ मध्ये वारली. तिनेच १५६१ मध्ये ही कला जर्मनीत आणली अशी दंतकथा आहे, पण इतिहासकार ती मानत नाहीत. झुरिकमध्ये त्याच १५६१ साली छापलेल्या नमुन्यांच्या पुस्तकात असे म्हटले आहे की ही विद्या पंचवीस वर्षांपूर्वी, म्हणजे १५३६ मध्ये, व्हेनिसहून तिथे आली. एकटीने एक कला एका देशात आणली, ही गोष्ट ऐकायला गोड असते, पण कला बहुधा व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांतून हळूहळू येते. बार्बाराबाईंनी खरोखर केले ते मला अधिक मोठे वाटते : शेकडो घरांतले काम गोळा करून विकणे सोपे नव्हे.

एर्त्सगेबिर्गच्या कांडीवर एक लाकडी नळी असते, ती गुंडाळलेल्या दोऱ्यावर टोपणासारखी बसते. कारण उघड आहे. घर खाणकामगाराचे, चूल लाकूड-कोळशाची, आणि गिऱ्हाइकाला हवी पांढरीशुभ्र लेस. हेही सांगायला हवे की त्या भागात एकोणिसाव्या शतकात लेसच्या शाळा होत्या आणि त्यांत पाच-सहा वर्षांची मुले दिवसभर विणत बसत. मजुरी अगदी थोडी मिळे. ज्या कॉलरी राजेरजवाडे मिरवत, त्या भुशाने भरलेल्या लोडावर अशा बोटांनी विणलेल्या होत्या.

आपल्या देशातही ही लेस पोचली आहे. तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात, आज तमिळनाडूत असलेल्या नागरकोइल येथे, मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी १८२० च्या सुमारास मुलींच्या शाळेत ती शिकवायला सुरुवात केली. तिथे त्या वेळी गुलामगिरी कायद्याने चालू होती, ती १८५५ मध्ये बंद झाली. लेसच्या कमाईतून काही मुलींनी स्वतःची सुटका विकत घेतली असे मिशनच्या इतिहासात नोंदलेले आहे. कांडीला वजन असते ते असेही.

बरे, आता बॉनमध्ये आपल्याला काय सापडते?

सगळ्यात आधी कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. दोरा चिमट्याच्या मानेभोवती गुंडाळायचा आणि शेवटी त्याच्याच ओठांत पकडायचा. फास मारावा लागत नाही, म्हणून लहान मुलांना हे उत्तम. दोष एक : दोरा स्प्रिंगमध्ये अडकतो. स्प्रिंगवर कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे द्या, की झाले.

दुसरे, बाउमार्क्टमध्ये मिळणारी बीचच्या लाकडाची आठ मिलिमीटर जाडीची गोल दांडी. ती एक मीटरची येते. दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे करवतीने कापले तर किती होतात? दहा म्हणाल, पण प्रत्येक कापात थोडे लाकूड भुसा होऊन जाते, म्हणून पूर्ण मापाचे नऊच धरा. एका टोकापासून एक सेंटिमीटरवर कानशीने सभोवार खाच पाडा, तिथे फास बसेल. तिच्या खाली तीन सेंटिमीटर जागा दोऱ्यासाठी, उरलेली मूठ. पॉलिश पेपरने इतके घासा की गालावर फिरवले तरी टोचणार नाही. अशी कांडी जेमतेम साडेतीन ग्रॅम भरते, म्हणून इंग्रज बायकांची युक्ती वापरायची. शेपटाला आकडीचा छोटा स्क्रू बसवून त्यात मणी ओवायचे. आईच्या तुटलेल्या माळेतले मणी चालतील, आईला विचारून.

तिसरे, खिळे. चार मिलिमीटर जाड आणि दहा सेंटिमीटर लांब लोखंडी खिळा सुमारे दहा ग्रॅमचा असतो. डोक्याखाली दोरा छान बसतो. पण लोखंडाचा डाग पडतो, म्हणून आधी त्यावर कागद घट्ट गुंडाळून चिकटवा, आणि टोक कानशीने बोथट करून घ्या. हे काम मोठ्यांनी करायचे.

मला स्वतःला सगळ्यांत आवडलेली कांडी वेगळीच आहे. ऑक्टोबरात पॉपेल्सडोर्फर आलेच्या दुतर्फा कास्टानिएनचा सडा पडतो आणि तुम्ही खिसे भरभरून ती फळे घरी आणता. त्यांची बाहुली करून झाली की पुढे काय करायचे हे कोणालाच माहीत नसते. एका फळाला गिरमिटाने भोक पाडा, त्यात बांबूची काडी घट्ट बसवा, काडीचे वरचे टोक कापून बोथट करा आणि त्याच्या जरा खाली खाच पाडा. ब्राझीलच्या बीची ही ऱ्हाइनकाठची बहीण! फक्त एवढे जाणून असा की हे फळ वाळते तसे बरेच हलके होते आणि सुरकुतून काडी सैल पडते. महिनाभर वाळलेली फळे घेतली तर वजन पुढे फारसे बदलत नाही. कोवळी आणि वाळलेली एका कामात मिसळू नका.

यातच खरा नियम आला. कांडी नेमकी किती ग्रॅमची आहे याला फार महत्त्व नाही. एका कामातल्या सगळ्या कांड्या सारख्या वजनाच्या हव्यात. एक जड आणि एक हलकी असेल तर जड बाजूचा दोरा ओढला जातो आणि फीत केळ्यासारखी वाकते. म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि आपल्या कांड्या तोलून त्यांच्या जोड्या लावा. चिमट्यांबरोबर चिमटे, खिळ्यांबरोबर खिळे.

आता लोड. त्याचे काम एकच, पण अवघड आहे : टाचणी खुपसली की ती उभी राहिली पाहिजे, आणि बाजूने ओढले तरी कलता कामा नये. परीक्षा सोपी आहे. टाचणी अर्ध्यापर्यंत खुपसा, डोक्यावर बोटाने बाजूने हलकेच दाबा आणि सोडा. ती परत सरळ झाली तर लोड पास. झोपायची उशी या परीक्षेत हमखास नापास होते, कारण कापूस किंवा पिसे टाचणीला धरत नाहीत. भरण ठासून असले पाहिजे. म्हणून जुने लोक बारीक कापलेला पेंढा, गवत किंवा लाकडाचा भुसा वापरत आणि दांडक्याने ठोकून भरत.

तुमच्याकडे लहान झालेली जीन्स असेल तर तिचा एक पाय कापा. जीन्सचे कापड घट्ट विणीचे असते, भुसा बाहेर येत नाही. एका तोंडाला पुठ्ठ्याची गोल चकती ठेवून शिवून टाका. सशांसाठी आणि हॅमस्टरसाठी सुपरमार्केटात लाकडाचा भुसा मिळतो, तो भरा. पायाचा घेर ४४ सेंटिमीटर असेल तर व्यास सुमारे १४ सेंटिमीटर येतो, आणि ३५ सेंटिमीटर लांबीच्या लोडात साधारण साडेपाच लिटर जागा असते. (वरच्या वर्गातल्यांनी हे पडताळून पाहावे.) पण ठासताना सैल भुसा दुपटीहून अधिक मुरतो, तेव्हा पिशवी मोठीच आणा. मूठभर टाका, लाटण्याच्या टोकाने ठोका, पुन्हा मूठभर टाका. दमायला होते. दमायला झाले नाही तर लोड सैल आहे असे समजा. तयार लोड बुटांच्या उघड्या खोक्यात ठेवा, म्हणजे तो गडगडत नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर घरातली जुनी गोधडी घ्या, जितकी घट्ट जमेल तितकी गुंडाळा आणि सुतळीने चार ठिकाणी आवळून बांधा. भारताबाहेर राहणाऱ्या घरांत आणखी काही नसले तरी एक गोधडी असतेच. वरून गडद, एकरंगी कापड लावा, नाहीतर पांढरा दोरा दिसत नाही. गोधडीत टाचणी जरा खोलवर खुपसावी लागते, पण पहिल्या कामाला ती पुरते.

तिसरा प्रकार सपाट. टीव्हीच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल चुरा होतो आणि टाचणीची भोके मोठी होत जातात. त्यापेक्षा घरांच्या भिंतींना थंडीसाठी लावतात त्या घट्ट रंगीत पाट्या बऱ्या. चाळीस सेंटिमीटरचा चौकोन, पाच सेंटिमीटर जाड, वर जुन्या लोकरी कांबळ्याचे दोन थर आणि सुती कापड ताणून मागे टाचलेले.

गोल लोड आणि सपाट उशी यांत एक फरक आहे, तो कांड्या निवडताना लक्षात घ्या. गोल लोडाच्या पुढच्या बाजूने कांड्या खाली लोंबतात, तिथे दोरा ताठ ठेवायचे काम वजन आपोआप करते, म्हणून जड कांड्या घ्या. सपाट उशीवर कांड्या आडव्या पडून राहतात, तिथे वजनाचा उपयोग कमी आणि घरंगळण्याचा त्रास जास्त. चिमटे किंवा मणी लावलेल्या दांड्या तिथे बऱ्या. कास्टानिएन सपाट उशीवर नुसती धावत सुटतात.

टाचण्यांच्या बाबतीत मात्र जुगाड करू नये असे माझे मत आहे. साधी लोखंडी टाचणी गंजते आणि गंजाचा डाग लेसमधून निघत नाही. पितळी किंवा न गंजणारी, तीन सेंटिमीटर लांब टाचणी विकत घ्या, एक डबी पुरते. एवढ्या एका खर्चाबद्दल आईबाबांनी कुरकुर करू नये.

विणायला बसू. एखाद्याने पन्नास कांड्या लावलेला लोड पाहिला की छाती दडपते, पण एका वेळी हातात फक्त चार कांड्या असतात आणि चाली दोनच. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात व्हर्मीरचे लेस विणणाऱ्या मुलीचे चित्र आहे, साधारण १६६९-७० चे, वहीच्या पानाएवढे. त्यातली मुलगी किती एकाग्र आहे ते पाहा. तीही हीच दोन चालींची मोजणी करते आहे.

चार कांड्या समोर ठेवा. डावीकडून जागांना १, २, ३, ४ असे आकडे द्या. आकडे जागांचे आहेत, कांड्यांचे नाहीत! कांडी हलली तरी जागेचा आकडा तोच राहतो. (संगणकाची स्मृतीही अशीच असते, घर क्रमांक तोच, राहणारा बदलतो.) पहिली चाल 'आड' : २ वरची कांडी ३ वरच्या कांडीच्या वरून पलीकडे न्या. दुसरी चाल 'पीळ' : २ वरची कांडी १ च्या वरून डावीकडे, आणि त्याच वेळी ४ वरची ३ च्या वरून डावीकडे. संपले. जर्मन पुस्तकांत यांना 'क्रॉयत्सेन' आणि 'ड्रेएन' म्हणतात.

लाल, पिवळा, निळा, हिरवा असे चार रंगांचे दोरे घेऊन करून पाहा. आधी आड : लाल, निळा, पिवळा, हिरवा. मग पीळ : निळा, लाल, हिरवा, पिवळा. पुन्हा आड : निळा, हिरवा, लाल, पिवळा. काय झाले? उजवी जोडी डावीकडे आली, डावी उजवीकडे गेली, आणि मध्ये मागावरच्या कापडासारखी उभ्या-आडव्याची वीण पडली. 'आड, पीळ, आड' या तीन पावलांना आपण 'कापड टाका' म्हणू. आणि नुसते 'आड, पीळ, आड, पीळ' करत राहिलात तर तुमच्या हातात चौपेडी वेणी तयार होईल.

ही वेणी पाहून तुमच्या आईबाबांना एक गोष्ट आठवेल. गोव्यात शिगम्याला आणि कोकणात गोफ खेळतात. वर टांगलेल्या रंगीत फितींची टोके हातात धरून मुले एकमेकांना ओलांडत नाचतात आणि मध्ये फितींची वेणी पडत जाते. मग उलट्या पावलांनी नाचून ती सोडवतात. तिथे प्रत्येक मूल म्हणजे एक कांडी. आपल्या जवळच, कोलोनच्या पलीकडे, आज वुपरटालचा भाग असलेल्या बार्मेन गावात एकोणिसाव्या शतकात अशाच फिती विणणारी यंत्रे प्रसिद्ध झाली. त्यांत दोऱ्याची रिळे लोखंडी पट्टीतल्या नागमोडी वाटेने एकमेकांना ओलांडत फिरतात. यंत्र चालू असताना वरून पाहिले तर गोफच चालला आहे असे वाटते. पुढे अशाच यंत्रांवर लेसही विणली जाऊ लागली, आणि हाताने विणणाऱ्यांची मजुरी आणखी घसरली.

पहिले काम : वाचनखूण. शाळेच्या रेखनहेफ्टमधले अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकटींचे एक पान घ्या. दोन उभ्या रांगा आखा, मध्ये दोन सेंटिमीटर अंतर. डाव्या रांगेत दर सेंटिमीटरला एक ठिपका, उजव्या रांगेतही तसाच, पण अर्धा सेंटिमीटर खाली सरकवून. पंधरा सेंटिमीटर लांबी पुरे. कागद कॉर्नफ्लेक्सच्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठिपक्यांवर सुईने भोके पाडा आणि तो लोडावर टाचा. या नकाशाला जर्मनमध्ये क्ल्योपेलब्रीफ म्हणतात, ब्रीफ म्हणजे पत्र. लेसचे पत्र!

दोरा जाड सुती घ्या, गरम भांडी धरायची फडकी ज्याने विणतात तो. सहा जोड्या, म्हणजे बारा कांड्या लागतात. एका जोडीला एकच अखंड दोरा असतो, अर्धा एका कांडीवर आणि अर्धा दुसरीवर, म्हणजे वर गाठ येत नाही. पाच जोड्या नुसत्या सरळ खाली जातात, त्यांना प्रत्येकी सव्वा मीटर दोरा द्या. सहावी जोडी डावीकडून उजवीकडे आणि परत अशा खेपा घालते. ती कामकरी जोडी. तिला अडीच मीटर लागतो. का, ते मोजा : ३० खेपा, प्रत्येक खेप दोन सेंटिमीटरची, शिवाय वळणे, आणि शेवटी हातात धरायला वीतभर दोरा उरायला हवा. चिमटा नसेल तर प्रत्येक कांडीच्या मानेवर एक फास टाका. कांडी दोऱ्याला धरून उचलली तर दोरा सुटता कामा नये, आणि कांडी हाताने फिरवली तर थोडा थोडा सुटला पाहिजे.

वरच्या टोकाला ओळीने टाचण्या लावून सहा जोड्या अडकवा. सगळ्यांत डावीकडची जोडी कामकरी. तिने शेजारच्या जोडीशी 'आड, पीळ, आड' करा, मग त्यापुढच्या जोडीशी, अशी पाचही जोड्यांना भेटून ती उजव्या काठाला पोचेल. तिथे तिला एक जादा पीळ द्या आणि उजव्या रांगेतल्या भोकात टाचणी खुपसा. टाचणी कामकरी जोडी आणि शेवटची जोडी यांच्या मध्ये आली पाहिजे, म्हणजे कामकरी जोडी टाचणीला वळसा घालून परत फिरते. टाचणी किंचित बाहेरच्या बाजूला कललेली ठेवा, कारण दोरा तिला आत ओढणार आहे. हलक्या हाताने सगळ्या जोड्या ताणून घ्या आणि परतीची खेप सुरू करा. कांडी आणि विणीच्या मध्ये दोरा वीतभरापेक्षा लांब होऊ देऊ नका, नाहीतर गुंता ठरलेला.

मागच्या टाचण्या लगेच काढायचा मोह होतो. तो आवरा. निदान पाच सेंटिमीटर वीण टाचण्यांत राहू द्या. मध्येच उठावे लागले तर कांड्यांवर एक फडके घालून कडा टाचून ठेवा. घरात मांजर किंवा धाकटे भावंड असेल तर लोड कपाटावर ठेवा. शेवटी जोडीजोडीच्या गाठी मारा, टोके तीन-चार सेंटिमीटर सोडून कापा, ती गोंड्यासारखी लोंबू द्या.

स्वाध्याय

नुसते 'आड, पीळ' किती वेळा केले की चारही रंग पुन्हा पहिल्या क्रमाने येतात? कागदावर मांडून पाहा, मग दोऱ्याने पडताळा. निम्म्या वाटेवर क्रम कसा दिसतो तेही लिहा.

घरातल्या तीन वस्तू शोधा ज्या कांडी म्हणून चालतील आणि एक शोधा जी चालणार नाही. प्रत्येकीसाठी दोन वाक्ये मराठीत लिहा : दोरा कुठे बसेल, वजन किती, धरायला कशी. चालणार नाही ती वस्तू तीनपैकी कोणत्या कामात कमी पडते तेही सांगा.

आजी-आजोबांना फोनवर विचारा : त्यांच्या गावात कांडी, तिल्ली, पेड, पीळ, फास यांतले कोणते शब्द कोण वापरत असे, आणि कशासाठी? मिळालेला एखादा नवा शब्द वहीत लिहून पुढच्या शनिवारी वर्गात आणा. बारा कांड्या घेऊन यायला विसरू नका. लोड आपण तिथेच ठासू, लाटणे मी आणतो.